पाचर टाकीखाली नव्हे, स्टँडखाली

प्रिय सुतारकाका,
सप्रेम नमस्कार.

फिश टँक भरून झाला. चारही कोपऱ्यांत पाणी काठापासून सारख्याच अंतरावर आहे, त्याचं श्रेय तुमचं. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण मोठी टाकी बसवणाऱ्या कुणालाही तुमची पद्धत उपयोगी पडेल.

टाकीचं माप ऐकताच तुम्ही आधी वजन मांडलंत. 120 × 60 × 60 सेंमी म्हणजे काठोकाठ 432 लिटर; थोडी रिकामी ठेवली तरी पाणीच 400 किलो. 12 मिमी काच चौरस मीटरला 30 किलो भरते, म्हणून नुसती टाकी 85 किलोच्या घरात. वाळू-दगड 60, स्टँड 50. एकूण जवळपास 600 किलो! म्हणूनच उभे खांब तुम्ही थेट वरच्या चौकटीखाली घेतलेत. लाकूड लाकडावर टेकतं, स्क्रू फक्त जागच्या जागी धरून ठेवतात. स्क्रूवर भार तोलणारी स्टँड दिसायला सुबक असली तरी आम्ही ती टाकीखाली घेणार नाही. पाठीला प्लाय ठोकलात तोही शोभेसाठी नव्हे, चौकट आडवी झुकू नये म्हणून.

पण खरे आभार पुढच्या कामाचे. बहुतेक जण पाणसळ ठेवतात, बुडबुडा मधोमध आला की खूश होतात. तुम्ही स्टँड जागेवर उभी करून आधी पीळ तपासलात, म्हणजे चारही कोपरे एकाच सपाटीत आहेत का ते. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणल्यात आणि मधे त्या जेमतेम टेकतात का ते पाहिलंत. मग खालची दोरी वर घेऊन पुन्हा पाहिलंत, कारण एकाच बाजूने पाहिलं तर उलटा पीळ लपतो. मधे 1 मिमी फट म्हणजे एक कोपरा 2 मिमी चुकलेला, हा तुमचा हिशेब आता आम्हाला पाठ आहे. पाणसळही उलटसुलट ठेवून पाहिलीत, तीच खोटी बोलत नाही ना म्हणून.

कललेल्या टाकीची लोकांना फार धास्ती असते. 120 सेंमीत 5 मिमी कल असला तर पाण्याची रेघ तिरकी दिसते, पण 60 सेंमी खोलीत 5 मिमीने दाब एक टक्कासुद्धा वाढत नाही. घात करतो तो पीळ. तीन कोपरे टेकलेले आणि चौथा अधांतरी असला की तळाची काच वाकते. काच दाब सोसते, वाकणं सोसत नाही; आणि ती टिकलीच तर ओढ सिलिकॉनच्या सांध्यावर येते. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये पाचर सारली की नेमकं हेच होतं: भार एका ठिकाणी, बाकी तळ लोंबता.

म्हणून पाचरी पायांखाली. सर्वांत उंच कोपरा तसाच ठेवून बाकीचे त्याच्या पातळीला उचललेत. प्लॅस्टिकच्या दोन पाचरी उलटसुलट एकमेकींवर सरकवल्या, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट राहिला आणि पाय पूर्ण रुंदीने टेकला. पुठ्ठा नको म्हणालात. ओल लागली की तो फुगतो, मग दबतो. ज्यांची स्टँड पायांऐवजी सलग पट्टीवर बसते त्यांनी दर 15-20 सेंमीवर पाचर द्यावी, नाहीतर मधला भाग खाली बसतो.

फोमबद्दल तुम्ही विचारलं होतंत. तळाची काच थेट स्टँडवर टेकत असेल तर 6 ते 10 मिमी फोम घालावा, वाळूचा कण किंवा स्क्रूचं डोकं तो पोटात घेतो. तळाला प्लॅस्टिकची चौकट असेल तर साधारणपणे फोम नको: तिथे काच मुद्दाम अधांतरी असते, भार चौकटीवर असतो, आणि फोम मधून काचेला वर रेटतो. वाकडी स्टँड मात्र कुठल्याच फोमने सरळ होत नाही.

शेवटची परीक्षा पाण्याचीच. अर्धी टाकी भरून पाण्यापासून काठापर्यंत चारही कोपरे पट्टीने मोजायचे. डावे दोन सारखे, उजवे दोन सारखे, फरक फक्त डाव्या-उजव्यात, तर तो साधा कल. एकच कोपरा वेगळा निघाला तर पिळाचा संशय धरून दोऱ्या पुन्हा ताणायच्या (काठाची काचच कमीजास्त कापलेली नाही ना, हेही बघावं). दुरुस्ती काहीही असो, आधी पाणी काढायचं. भरलेल्या टाकीखाली पहार घालून उचलणाऱ्याला तुम्ही जे म्हणता ते इथे लिहिता येत नाही.

पूर्ण भाराने लाकूड बसतं, पाचरी सैल होतात. महिन्याभराने पाचरी हलवून बघायला आणि कोपरे पुन्हा मोजायला सांगितलंत, ते करू. एखादी सैल निघाली तर टाकी उपसून तुम्हालाच बोलावू.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
फिश टँकवाले