कॉलनीच्या बागेबद्दल, सविस्तर

नाशिक
रविवार

प्रिय वैशू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. त्याचं उत्तर बोटाने टाइप करत बसले असते तर अंगठा सुजला असता, म्हणून सरळ कागद-पेन घेतलं. कॉलनीच्या ओपन स्पेसला, म्हणजे बागेच्या मोकळ्या जागेला, निधी मंजूर झाला आणि खेळण्यांचं काम कमिटीने तुझ्या गळ्यात घातलं, याचं मला जराही नवल वाटलं नाही. शाळेतही गॅदरिंगचा हिशोब शेवटी तुझ्याच वहीत यायचा.

तू विचारलंस, दिव्यांग मुलांसाठी कुठलं खेळणं बसवू? सोबत कंत्राटदाराने पाठवलेला व्हीलचेअरच्या झोक्याचा फोटो. आधी त्याचंच सांगते. तो घेऊ नकोस. लोखंडी फळीवर खुर्ची चढवून साखळ्यांनी बांधायची आणि झुलवायचं, असा तो प्रकार. वजन एवढं की शेजारून पळणाऱ्या पोराच्या डोक्याला लागला तर धडगत नाही. म्हणून त्याला कुंपण घालावं लागतं, कुंपणाला कुलूप, कुलपाची किल्ली माळ्याकडे, आणि माळी जेवायला गेलेला. शिवाय माझ्याकडे थेरपीला येणाऱ्या मुलांपैकी स्वतःच्या मापाची व्हीलचेअर किती जणांकडे आहे? बहुतेक जण आईच्या कडेवर येतात. कुणी वॉकर घेऊन, कुणी पायाला आधार देणारं कॅलिपर घालून. उद्घाटनाच्या फोटोत मात्र तो झोका फार छान दिसतो, हे कबूल.

त्याच्या जागी टोपलीचा झोका घे. मोठी गोल चकती, कडेला जाड दोर, मध्ये दोराचीच जाळी. ज्या मुलाला धड बसता येत नाही ते त्यात आडवं पडू शकतं, आणि उरलेल्या जागेत आणखी दोघं-तिघं मावतात. इथल्या एका बागेत आहे तसा. माझ्याकडे येणारी एक सात वर्षांची मुलगी आहे, सेरेब्रल पाल्सी आहे तिला, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नाही, मान सावरायलाच कष्ट पडतात. तिला तिच्या आईने त्यात ठेवलं आणि मिनिटभरात कुठलीशी दोन पोरं न विचारता आत घुसली. एकाचा पाय हिच्या पोटावर. आई धावणार तेवढ्यात ही ओरडली, 'ए, जोरात दे ना!' मग झोका कुणी द्यायचा यावरून तिघांत भांडण. ती भांडणात होती गं, वैशू! क्लिनिकमध्ये मी तिच्याकडून जे महिनोन्महिने करून घेते त्यात हे भांडण कुठेच बसत नाही.

म्हणूनच 'दिव्यांग कोपरा' हे शब्द कंत्राटदाराच्या कागदावरून आधी खोडून काढ. एका बाजूला कोपरा केला की तिथे तीच मुलं आणि त्यांच्याच आया बसणार. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला मॉर्गन्स वंडरलँड म्हणून पार्क आहे, २०१० साली उघडलेलं, जुन्या खाणीच्या जागेवर, २५ एकर. ते उभं करणाऱ्या गॉर्डन हार्टमन यांची दिव्यांग मुलगी मॉर्गन सुट्टीत पोहण्याच्या तलावात इतर मुलांशी खेळायला गेली, तर ती मुलंच पाण्यातून निघून गेली. त्यातून हे सगळं सुचलं. दिव्यांगांना तिथे प्रवेश मोफत, पण पार्क सगळ्यांसाठी. २०१७ मध्ये त्यांनी शेजारी वॉटर पार्क काढलं. पाण्यात बॅटरीची खुर्ची चालणार नाही, म्हणून दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या केल्या! आपल्याला त्यातलं काही परवडणार नाही, पण दुखणं नेमकं कुठे आहे ते त्या माणसाने बरोबर ओळखलं. दुसरं मूल पाण्यातून उठून जाऊ नये, एवढंच हवं होतं.

आणि मोठाच पार्क हवा असंही नाही. बंगळुरूमध्ये किलिकिली नावाने पालकच एकत्र आले आणि कोल्स पार्क या जुन्या, नेहमीच्या बागेत सगळ्या मुलांना खेळता येईल अशी जागा करून घेतली. मला हेच जास्त पटतं. २०२३ मध्ये नागपूरच्या पारडीतल्या ९० हजार चौरस फुटांच्या 'अनुभूती' पार्कच्या बातम्या आल्या, तेव्हा इथले पालक मला हौसेने फॉरवर्ड करत होते. चांगलंच आहे. पण संध्याकाळी साडेपाचला दूध तापवून, पोराला घेऊन दहा मिनिटांत पोहोचता येतं ते कॉलनीच्या बागेतच.

आता खरा खर्च कुठे करायचा ते. खेळण्यांच्या आधी जमिनीवर. तुमच्या सांगलीची काळी माती म्हणजे उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिकटा. तिच्यावर नुसते पेव्हर ब्लॉक टाकले की दोन पावसाळ्यांत ते वरखाली होतात आणि वॉकरचं पुढचं चाक बरोबर त्या फटीत अडकतं. माती काढून मुरूम भर, रोलर फिरव, वर काँक्रीटचा खरखरीत रस्ता कर, फाटकापासून प्रत्येक खेळण्यापर्यंत सलग. वाळू नको, चाकं रुततात. हिरवळ दिसायला छान, पण चाकाला तीही जड जाते. रबर फक्त झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी घाल, आणि सुट्या लाद्या देत असतील तर कडा चिकटवतात कशा ते उभं राहून बघ. कोपरा उचलला की धडधाकट मूलही तोंडावर पडतं. काळं रबर उन्हात तव्यासारखं तापतं, तेव्हा पश्चिमेला करंज नाहीतर कडुनिंब लाव. ते मोठे होईपर्यंत शेडनेट.

फाटकाचं मला फार वाईट वाटतं. गाड्या आणि जनावरं आत येऊ नयेत म्हणून आपण ते लोखंडी नागमोडी पाइप लावतो ना, त्यातून व्हीलचेअर जात नाही, बाबागाडी जात नाही, काकूंचा वॉकरही जात नाही. आणि ज्या फटीतून खुर्ची जाते तिथून अ‍ॅक्टिव्हाही जाते, याला इलाज नाही. तेव्हा फट ठेवूच नका. किमान ३ फूट मोकळी वाट मिळेल असं, आपोआप मिटणारं फाटक लावा, कडी वरच्या बाजूला. त्याचा आणखी एक फायदा. ऑटिझमची काही मुलं कुठल्याही क्षणी सुसाट पळत सुटतात, आणि त्यांच्या आया बागेत बसतच नाहीत, नुसत्या फाटकापाशी उभ्या असतात. फाटक मिटलेलं असलं की ती बाई जरा टेकेल तरी.

घसरगुंडी. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे फूटभर चढायला १२ फूट लांबी. चार फूट उंच मचाणावर न्यायचं तर ४८ फूट, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. तुमच्या पाच गुंठ्यांत बाकी काही उरणारच नाही. त्यापेक्षा मातीचा दोन-अडीच फुटांचा उंचवटा करा, त्याला वळसा घालत वर जाणारी वाट, आणि उतारावरच बसवलेली रुंद घसरगुंडी. आई मुलाला मांडीवर घेऊन घसरू शकेल एवढी रुंद. शक्य असेल तर स्टीलची, उत्तरेकडे तोंड करून, सावलीत. प्लास्टिकवर घसरताना अंगात स्थिर वीज साठते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने कानात बसवलेलं उपकरण, असलेल्या मुलांच्या कानामागच्या यंत्राचं प्रोग्रॅमिंग तिने बिघडू शकतं. नव्या यंत्रांना धोका कमी, तरी बरेच पालक घसरण्याआधी यंत्र काढून पर्समध्ये टाकतात. मग खाली पोचल्यावर मित्राची हाक ऐकूच येत नाही.

बाकी किरकोळ. उंचवट्याच्या पोटात एक छोटी गुहा ठेवा, गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला शिरून बसायला. इतर मुलं तिथे लपाछपी खेळतीलच, खेळू देत. बाकांना पाठ आणि हात हवेत. नळ दोन उंचीवर. कोनशिला कुठे लावायची ते त्यांचं ते बघतील, फक्त वाटेत नको.

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच, 'आपल्याकडे अशी मुलं आहेत किती?' तू म्हण, घराबाहेर आणायची सोय नाही तोवर दिसणार कशी? त्याने नाही भागलं तर कायदा काढ. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारचं अपंगत्व मानतो, आणि दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जो करार भारताने २००७ मध्ये मान्य केला त्याच्या ३०व्या कलमात मुलांच्या खेळाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण माझं ऐकशील तर कायदा शेवटी काढ. आधी कमिटीतल्या आजोबांना पाठ असलेल्या बाकाबद्दल विचार, ते आपोआप तुझ्या बाजूला येतील.

आणि निर्णय होण्याआधी एक काम कर. कॉलनीत किंवा आजूबाजूला अशी जी दोन-चार घरं असतील, त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाला पाठवू नको, तू स्वतः जा. चहा घे, आणि पोरालाच विचार काय खेळायचंय ते. बोलता येत नसेल तर फोटो दाखव, बोट दाखवेल. अगदी वेगळंच काहीतरी निघेल बघ.

ड्रॉइंगवर सह्या होण्याआधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. मापं फुटात लिहून पाठव, तुमचा तो इंजिनिअर सगळं मिलिमीटरमध्ये देतो आणि मला डोळ्यांसमोर काही येत नाही. दिवाळीनंतर मिरजेला यायचंच आहे, तेव्हा टेप घेऊन येते. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, तेही कळव.

तुझी,
मंजू