फेरपरीक्षेआधी शिकवा, कायदाच तसे सांगतो

मा. संपादक, स. न.

पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली, तेव्हा पालकांच्या लक्षात एवढेच राहिले की आता मूल नापास होऊ शकते. पाचवीला विषयात ५० पैकी १८, आठवीला ६० पैकी २१ गुण हवेत. कायदा मात्र तिथे थांबत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मधील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नापास मुलाला आधी जादा शिकवायचे, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची आणि त्यातही ते अडकले तरच त्याच वर्गात ठेवता येते. मधली पायरी गाळली, तर मुलाला मागे ठेवण्याचा आधारच उरत नाही.

घोळ होतो वेळापत्रकात. निकाल मेच्या सुरुवातीला, पाठोपाठ सुट्टी, शाळा उघडते जूनच्या मध्यावर. दिवा, कळवा, वागळे इस्टेटमधली कितीतरी कुटुंबे तेव्हा गावी असतात. शाळा उघडताच फेरपरीक्षा उरकली, तर शिकवायचे कधी? १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणाऱ्या मुलाला तसाच पेपर पुन्हा दिला, तर ते पुन्हा २/५ च लिहिणार. छेद समान का करायचे, हे कागदाच्या पट्ट्या दुमडून दाखवावे लागते. दोन महिन्यांची मुदत जुलैच्या सुरुवातीपर्यंत पुरते. म्हणून जूनच्या उत्तरार्धात निदान दहा दिवस शिकवावे आणि महिनाअखेरीस फेरपरीक्षा घ्यावी.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने हायस्कूलच्या डिप्लोमासाठी क्षमता चाचणी सक्तीची केली, तेव्हा ‘डेब्रा पी. विरुद्ध टर्लिंग्टन’ खटल्यात अपील न्यायालयाने १९८१ साली नेमके हेच विचारले: चाचणीत आले ते वर्गात शिकवले होते का? ते दाखवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण प्रश्न तोच आहे.

पालकांनी निकालाच्या दिवशीच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा: उत्तरपत्रिका दाखवा, काय कच्चे आहे ते लिहून द्या, जादा तासांच्या तारखा कळवा. प्रतीवर पोच घ्यावी. कलम ३२ खाली महापालिकेकडे तक्रार करता येते, पण तिच्या निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे. तोवर मूल जुन्याच वर्गात बसलेले असते. आणि आठवी पूर्ण होईपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येत नाही. ‘दाखला घेऊन जा’ असे कोणी तोंडी सांगितले, तर दाखल्याच्या अर्जावर सही करू नये.

– शिक्षण हक्क कार्यकर्ते, ठाणे (प.)