ध्रुवावरचे कमांडो

महोदय,

आर्क्टिकमधील बर्फ वितळू लागल्याने तेथे कमांडोंच्या मोठ्या लढाया होतील, असे चित्र हल्ली रंगवले जाते. ते मला पटत नाही. नौदलात इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला (मालवणात पहाटे सोळा अंश झाले, तरी मी कानटोपी शोधतो!) आधी आठवते ते तेल. उणे तीस अंशांत वंगण घट्ट होते, बॅटरी झपाट्याने उतरते आणि शत्रूआधी थंडीशीच झुंजावे लागते. म्हणूनच डेन्मार्कचे सिरियस पथक ईशान्य ग्रीनलंडमध्ये आजही दोन-दोन जवानांच्या तुकड्या करून, कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजवरून महिनोन्महिने गस्त घालते. टेहळणी, समुद्रतळावरील केबलचे रक्षण आणि अडकलेल्यांची सुटका हीच या दलांची उद्याची कामे असतील. अंटार्क्टिकात तर १९५९च्या करारानुसार लष्करी तळ आणि सराव यांना बंदीच आहे. संशोधनाच्या मदतीला सैनिक चालतात, एवढेच. आपल्याकडे १९८४पासूनचा सियाचीनचा अनुभव आहे खरा, पण तो हिमनदीवरचा, गोठलेल्या समुद्रावरचा नव्हे. तेव्हा नौदलाने ‘मार्कोस’ या आपल्या कमांडो दलातील मोजक्या जवानांना नॉर्वेसारख्या देशात हिवाळी प्रशिक्षणासाठी पाठवावे.

– एक निवृत्त नौसैनिक, मालवण