अणुभट्टी लांब आहे ओ, पण भंगाराचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

७ मे २०२५ ला देशात ठिकठिकाणी मॉक ड्रिल झालं, टीव्हीवर दिवसभर भोंगे, आणि त्या आठवड्यात आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच विषय, अणुबॉम्ब पडला तर काय करायचं, आयोडीनच्या गोळ्या कुठल्या मेडिकलमध्ये मिळतात वगैरे. एकानं तर गळ्याला बीटाडिन चोळा म्हणून मेसेज टाकला. २०११ ला जपानात फुकुशिमा झालं तेव्हा फिलिपिन्समध्ये हाच बीटाडिनचा मेसेज फिरला होता आणि चीनमध्ये लोकांनी दुकानातलं मीठ संपवलं होतं, म्हणजे अफवेला वय नसतं. ती आयोडीनची गोळी फक्त थायरॉइड वाचवते, ती पण किरणोत्सारी आयोडीन हवेत आलं तर, आणि वेळेत घेतली तर. बाकी कशाला तिचा उपयोग नाही.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. तारापूर पालघरला, कैगा तिकडं कारवार साइडला, जैतापूर अजून कागदावरच. सोलापूरपासून सगळं शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळं इथं कोणाला विचारलं तर म्हणतो आपल्याला काय धोका ओ, आपल्याकडं उन्हाळा हाच धोका. पण रेडिएशनची इमर्जन्सी फक्त अणुभट्टीतनं येत नाही, ती टेम्पोत घालून भंगारात पण येऊ शकते आणि आपल्या गावाला खरा धोका असेल तर तो हाच.

मी फॅब्रिकेशनच्या लाइनमध्ये आहे. साखर कारखान्यांचा ऑफ सीझन आला की बॉयलरची कामं निघतात, वेल्डिंग झालं की जॉइंटची आरटी करायची असते म्हणजे रेडिओग्राफी, किरणांनी फोटो काढून जॉइंट आतनं धड आहे का ते बघायचं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे काम बहुतेक रात्री चालतं, सगळी लेबर लांब काढायची, भोवती दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, मग रेडिओग्राफर लांबून हँडल फिरवतो आणि कॅमेऱ्यातला म्हणजे त्या जड डब्यातला सोर्स केबलवरनं नळीत पुढं सरकतो. सोर्स म्हणजे किरण सोडणारा तुकडा, इथं इरिडियम १९२, आकारानं काही मिलिमीटरचा, पण त्या कॅमेऱ्याला उचलायला गेलं तर हात लोंबतो कारण आत किरण अडवणारं शील्डिंग असतं. काम झालं की सोर्स आत ओढायचा आणि किरण मोजायचा मीटर घेऊन जवळ जाऊन तो खरंच आत गेला का ते बघायचं. चांगला रेडिओग्राफर हा मीटर बघितल्याशिवाय कोणाला दोरी ओलांडू देत नाही, मग मालक असो नाहीतर साहेब. एक्स-रे मशीनचा प्लग काढला की विषय संपतो, सोर्सला बटण नसतं, तो चोवीस तास चालूच. इरिडियमची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, कोबाल्ट ६० या दुसऱ्या सोर्सची निम्मी व्हायला सव्वापाच वर्षं लागतात.

आता हे कॅमेरे रस्त्यानंच एका साइटवरनं दुसऱ्या साइटला जातात. उद्या टेंभुर्णीजवळ हायवेला अशी गाडी उलटली, डबा फुटला नाहीतर कोणी उचलून नेला, तर पहिल्यांदा तिथं कोण जाणार? आपला पोलीस, आपली १०८, आपली फायर ब्रिगेड. त्यांच्या गाडीत मीटर असायला नको का?

दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये काय झालं ते आठवत असेल. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागातलं जुनं, १९८५ पासून नुसतं पडून असलेलं गॅमा मशीन लिलावात भंगारवाल्याला गेलं, त्यानं ते फोडलं, आत कोबाल्ट ६०. लोकांची कातडी काळी पडली, एक कामगार गेला, बाकीचे कितीतरी दिवस दवाखान्यात. डॉक्टरांना शंका आली म्हणून त्यांनी कळवलं आणि मग एईआरबी (अणुऊर्जेवर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ), बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), एनडीआरएफ सगळे आले. म्हणजे एवढ्या मोठ्या देशात ती घटना पकडली एका सावध डॉक्टरच्या डोक्यानं.

आणि ब्राझीलचं गोयानिया, १९८७. बंद पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरचं मशीन दोघांनी उचकटून भंगारात विकलं, आतली किरणोत्सारी सीझियमची पावडर अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी घरोघर वाटली, अंगाला लावली. ४ माणसं गेली, त्यात एक लहान मुलगी, २४९ जणांच्या अंगाला नाहीतर पोटात ती पावडर गेलेली आणि १ लाख १२ हजार लोकांना तपासावं लागलं. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर जातं. भंगारवाल्याच्या बायकोला शंका आली, तिनं तो तुकडा पिशवीत घालून बसनं दवाखान्यात नेला, आणि दुसऱ्या दिवशी एका फिजिसिस्टनं कुठनंतरी उसना मीटर आणला. काटा असा टोकाला गेला की त्याला वाटलं मीटरच बिघडलाय, म्हणून दुसरा आणला. गावात मीटर आला तेव्हा कळलं, तोपर्यंत दोन आठवडे उलटून गेलेले.

आपल्याकडं मदत कुठनं येणार बघा. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंब्र्याला, बीएआरसी मुंबईत, वर अणुऊर्जा विभागाचा क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुप आहे, आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर चेर्नोबिलनंतर १९८६ ला एकमेकांना कळवायचं आणि मदत करायची असे दोन करार झालेत. माणसं हुशार आहेत त्यात वाद नाही, सीनेच्या पुरात एनडीआरएफ आलीच की. पण पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, मुंबई चारशे. फोन, ऑर्डर, ट्रॅफिक धरून पहिले चार-पाच तास आपलेच, आणि गडबड होते ती याच तासांत.

त्या तासांत काय करायचं हे काही रॉकेट सायन्स नाही, लांब व्हायचं, वेळ कमी घालवायचा, मधे जाड काहीतरी आडवं ठेवायचं. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो. आणि हे तर प्रत्येक वॉर्डबॉयला माहीत पाहिजे की ज्याच्या अंगावर नुसते किरण पडलेत तो पेशंट दुसऱ्याला काही करत नाही, त्याला बिनधास्त हात लावा. पावडर उडाली असेल तर मात्र ती गुलालासारखी कपड्याला चिकटते, कपडे काढून पिशवीत बांधले आणि अंग धुतलं की बरीचशी निघून जाते. पेशंटला गेटवरनं परत पाठवायचं काही कारण नाही. उलटी होतेय, हाताला भाजल्यासारखं झालंय पण भाजलेलं नाही, आणि माणूस भंगारात काम करतो, एवढं दिसलं की सिव्हिलच्या डॉक्टरनं सीबीसी ही रक्ताची तपासणी काढून लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बघावेत, काही तासांनी परत बघावेत. ते भराभर खाली येत असतील तर शंका घ्यायला पुरेसं आहे. सीबीसी तर गल्लीतल्या लॅबमध्ये पण होते.

एनडीएमएच्या म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्राधिकरणाच्या अणु आणि रेडिएशन इमर्जन्सीच्या गाइडलाइन २००९ सालच्या आहेत, २००५ च्या आपत्ती कायद्यानं जिल्ह्याची जबाबदारी कलेक्टर साहेबांकडं. माझी मागणी लई मोठी नाही. फायर ब्रिगेडकडं दोन-तीन सर्व्हे मीटर द्या, ते चालवणारी माणसं प्रत्येक शिफ्टला ठेवा, जिल्ह्यात कुठल्या दवाखान्यात नि कारखान्यात सोर्स आहेत त्याची यादी ड्युटीवरच्या माणसाच्या हाताशी पाहिजे (एईआरबीकडं ती लायसनमुळं असतेच). जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाच्या १०७७ ला फोन उचलणाऱ्याला पुढं कोणाला लावायचा हे पाठ पाहिजे. आणि आपल्याकडं कास्टिंगच्या फाउंड्री आहेत, त्यांच्या गेटवर स्क्रॅप आत घेताना मीटर फिरवलाच पाहिजे, कारण २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणात कोबाल्ट सापडला आणि ते स्टील आपल्या देशातनं गेलेलं होतं. एकदा भट्टीत गेला की सोर्स वितळून सगळ्या मालात मिसळतो, मग कुठं कुठं शोधणार?

यात भंगारवाल्याला गुन्हेगार करू नका हे मात्र कळकळीनं सांगतो. त्याला वाटलं की पोलीस आधी मलाच आत टाकतील, तर तो ती वस्तू रातोरात नाल्यात फेकेल आणि गप बसेल. उलट जो स्वतःहून कळवेल त्याला काही होणार नाही, मालाचे पैसे पण भरून देऊ, असं प्रशासनानं जाहीर करावं. दिलेल्या पैशापेक्षा नंतरची साफसफाई कितीतरी महाग पडते.

आणि एक काम तुमच्या पेपरचं. तीन पात्यांचं पिवळं चिन्ह अर्ध्या लोकांना पंख्याचं वाटतं, म्हणूनच २००७ मध्ये लाल त्रिकोणाचं नवीन चिन्ह काढलं, त्यात कवटी आहे आणि पळणारा माणूस आहे, अक्षर न येणाऱ्याला पण कळतं. ही दोन्ही चित्रं एकदा पहिल्या पानावर रंगीत छापा, खाली १०७७ नंबर टाका, मजकूर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूत पण द्या म्हणजे कात्री मारून दुकानात चिकटवता येईल. भंगाराच्या पाच-दहा दुकानांत मी स्वतः नेऊन लावतो.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला, होटगी रोड, सोलापूर