ओल्या वह्या आणि पेन्सिलीची प्रश्नचिन्हे

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

सुदानच्या यादवी युद्धातील बंडखोर सेनानी जॉन गरांग यांच्या मराठी चरित्राचे शेवटचे पान काल रात्री लिहून झाले. हे पत्र मुद्दाम जाहीरपणे लिहितो आहे, कारण तुमच्या कामाची नोंद तुमच्या ग्रंथालयाच्या कोणत्याही रजिस्टरात नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीतील आमच्या घरात शिरले, तेव्हा सहा वर्षांच्या टिपणांच्या चार वह्या खालच्या फळीवरच राहिल्या. गाळाने चिकटलेल्या त्या वह्या घेऊन मी ज्या अधिकाऱ्यांकडे गेलो, त्यांनी हात न लावताच त्या रद्दीत घालण्याचा सल्ला दिला. त्याआधी एका प्रकाशकांनी, सुदानच्या बंडखोराशी कोल्हापूरच्या वाचकाला काय देणेघेणे, असे विचारून माझा प्रस्ताव न वाचताच परत केला होता. तुमचा हुद्दा शिपायाचा. पण त्या वह्या पाहून तुम्ही फक्त "ठेवून जावा" एवढेच म्हणालात.

मागच्या खोलीत तुम्ही पानापानांत टीपकागद घालत होता, ते भिजले की बदलत होता आणि पान सुटत नसेल तेथे जुन्या पोस्टकार्डाची कड हलकेच सरकवत होता. अकरा दिवसांनी वह्या हाती आल्या, तेव्हा शाई फुटून गेलेल्या प्रत्येक जागी पेन्सिलीचे बारीकसे प्रश्नचिन्ह होते. तर्काने भरलेला शब्द एकही नव्हता. मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

काका, असे एक प्रश्नचिन्ह जोंगलेई कालव्याच्या पानावर होते. नाईलचे पाणी दक्षिण सुदानातील सुद्दच्या दलदलीला वळसा घालून नेण्यासाठी आखलेला तो सुमारे ३६० किलोमीटरचा कालवा. त्याच प्रदेशाच्या ग्रामीण विकासावर प्रबंध लिहून गरांग यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९८३ मध्ये दक्षिणेतील बोर येथील पलटण बंड करून उठली, सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी दक्षिणेची १९७२ च्या शांतता करारातील स्वायत्तता मोडली आणि सरकारी सैन्यात कर्नल असलेले गरांग त्या बंडाचे सेनापती झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या सैन्याच्या हल्ल्यांमुळे कालव्याचे काम कायमचे थांबले. हा विरोधाभास मी आधी गुळगुळीत करून टाकला होता. तुमचे प्रश्नचिन्ह पाहिल्यावर मी तो उघडा ठेवला. बंडखोरांतील १९९१ च्या फुटीनंतर डिंका आणि नुएर या दक्षिणेतील जमातींत वाहिलेले रक्तही लिहिले आणि गरांग यांच्या सैन्यात बंदुका घेतलेली कोवळी मुलेही. सुमारे वीस लाख माणसे ज्या युद्धात गेली, त्याच्या नायकाचे नुसते गुणगान लिहिणे मला मग जमेना.

९ जानेवारी २००५ रोजी सरकारशी शांतता करार झाला, ९ जुलैला गरांग सुदानचे उपराष्ट्रपती झाले आणि ३० जुलैला हेलिकॉप्टर अपघातात गेले. तीन आठवड्यांच्या त्या कारभाराचे पान तुमच्यामुळेच वाचले. ते सर्वांत खालच्या वहीत होते.

त्या पुरात तालमींची पोरे अनोळखी दारांत भाकरी पोहोचवत होती, ओळख विचारत नव्हती. तुम्हीही मला विषय कसला, पुस्तक कधी येणार, हे कधी विचारले नाही. पैसे दिले तर पाकीट परत केलेत.

वह्यांना अजून गाळाचा वास येतो. पुस्तकाची पहिली प्रत घेऊन मी येईन, तेव्हा मागच्या खोलीतच बसू.

आपला ऋणी,
शाहूपुरीतील एक वाचक
कोल्हापूर