मेजर पॉवेल यांचा नकाशा छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ग्रँड कॅन्यनचा प्रवासलेख आवडला. त्यात मेजर जॉन वेस्ली पॉवेल यांच्यावर दोनच ओळी आहेत: एक हात नसताना कोलोरॅडो नदीतून होड्या नेणारे धाडसी गृहस्थ. ते खरंच आहे. पण मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं मोजणी केली आहे आणि माझ्या मते त्यांचं मोठं काम त्या प्रवासानंतरचं आहे.

१८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत गोळी लागून त्यांचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला. सात वर्षांनी, २४ मे १८६९ रोजी, वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावाहून दहा माणसं चार होड्या घेऊन निघाली, त्यांचे म्होरके पॉवेल. पुढची दरी तेव्हा नकाशावर कोरी होती. पंधरा-सोळा दिवसांतच लोडोर दरीत एक होडी खडकावर आपटून फुटली आणि हवेचा दाब मोजायचे सगळे बॅरोमीटर नेमके तिच्यातच होते. दुसऱ्या दिवशी फुटक्या होडीपर्यंत माणसं पोहोचली, तेव्हा ते शाबूत मिळाले. नदीकाठी एकदा आणि वर कड्यावर एकदा हवेचा दाब मोजला की फरकावरून कड्याची उंची निघते. त्यासाठी पाऱ्याची ती नाजूक नळी सांभाळत पॉवेल एका हाताने कडे चढत. मे महिन्याच्या उन्हात लेव्हल (जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण) खांद्यावर घेऊन ज्याने टेकडी चढली आहे, त्याला यातले कष्ट सांगायला नकोत.

शेवटी शेवटी शिधा संपत आला, पीठ भिजून खराब झालं होतं. २८ ऑगस्टला समोरचा धबधबता ओघ पाहून तिघांनी पायी वर जायचं ठरवलं. ते परत आले नाहीत. होडीतले बाकीचे दोनच दिवसांनी व्हर्जिन नदीच्या मुखाशी सुखरूप पोहोचले. तिथे माणसं जाळी टाकून मासे धरत होती. दोन दिवसांचं हे अंतर माझ्या मनातून जात नाही.

१८७१-७२ मध्ये ते पुन्हा नदीत उतरले. या खेपेस त्यांचे मेव्हणे थॉम्पसन यांनी कनाब गावाजवळ पायारेषा, म्हणजे नेमकी मोजलेली सरळ रेघ, आखली आणि तिच्यावर त्रिकोण रचत त्रिकोणमापनाने भोवतालचा मुलूख नकाशावर आणला. पुढे १८८१ ते १८९४ पॉवेल अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते.

पण माझा मुद्दा त्यांच्या १८७८ च्या कोरडवाहू प्रदेशाविषयीच्या अहवालाचा आहे. पश्चिमेकडे जमीन वाटणं तेव्हा जोरात चाललं होतं, कुटुंबाला १६० एकर. नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो, असंही लोक मानत. पॉवेल यांनी पावसाचे आकडे मांडून सांगितलं की वर्षाला २० इंचांहून कमी पाऊस पडतो तिथे पाटपाण्याशिवाय शेतीचा भरवसा नाही. आमच्या माणदेशात पाऊस साधारण तेवढाच, त्यामुळे हा आकडा वाचताना मी जागीच थांबलो. पाटपाण्याखालच्या शेताला ८० एकर पुरे, पण नुसत्या चराईच्या रानाला २,५६० एकर हवेत, असा त्यांचा हिशेब होता. पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडू नये आणि पाट शेतकऱ्यांनी मिळून चालवावेत, असंही ते सांगत. धुळ्याकडची पांझरेकाठची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाटपाणी वाटून घेण्याची रीत, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातलं शहाणपण पटकन कळेल.

त्यांचं कुणी ऐकलं नाही. १८९० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांच्या सिंचन सर्वेक्षणाचा पैसाच बंद केला. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्यांनी स्पष्ट सांगितलं, इतक्या जमिनीला पुरेल एवढं पाणी नाही, तुम्ही पाण्यावरून भांडणं आणि खटले साठवून ठेवता आहात. सभेने त्यांची हुर्यो उडवली. १९०२ मध्ये ते वारले. वीस वर्षांनी सात राज्यांनी कोलोरॅडोचं पाणी कागदावर वाटून घेतलं आणि तो हिशेब जास्त पावसाच्या वर्षांवर बेतला. ते भांडण आजही चालू आहे.

२०२२ मध्ये मुलीकडे अ‍ॅरिझोनाला गेलो होतो, तेव्हा ग्लेन कॅन्यन धरणावर उभा राहिलो. मागच्या जलाशयाला पॉवेल यांचंच नाव आहे. लाल खडकावर पाण्याच्या वर सरळ पांढरा पट्टा दिसत होता, दीडशे फुटांहून उंच. पूर्वी पाणी कुठवर होतं, त्याची ती खूण. पाणीपातळी मोजण्यात आयुष्य गेलं, पण एवढी मोठी पट्टी मी कधी पाहिली नव्हती.

पॉवेल यांच्या खात्याने १८९० च्या सुमारास पश्चिमेचा एक रंगीत नकाशा केला. त्यात राज्यांच्या सरळ रेघांऐवजी प्रत्येक नदीचं पाणलोट क्षेत्र वेगळ्या रंगात दाखवलं आहे. नकाशा इंटरनेटवर सहज मिळतो. पुरवणीत पान मिळालं तर तो रंगीत आणि मोठा छापावा, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर,
दहिवडी, जि. सातारा