एकच तलाव धर

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा विषय फोनवर ऐकला, ‘विदर्भातील पाणीप्रश्न’. तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तुझी तळमळ खरी आहे, पण वीस पानांत हा विषय मावायचा नाही. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल खोल गेले. आणि आपल्या भंडारा-गोंदियात पाऊस चांगला, तरी धानाला शेवटचं पाणी मिळेल याचा भरवसा नाही. तिन्ही दुखणी वेगळी, त्यांची कारणंही वेगळी. एकत्र बांधलीस तर सगळ्यांना ठाऊक आहे तेच तुझ्या हातून लिहून होईल.

तर आपला भाग घे, त्यातही मालगुजारी तलाव घे, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले जुने तलाव. तेवढ्यानंही भागत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधायला घेतले, 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. हा इतिहास तुला एका पानात सांगावा लागेलच, पण तोच विषय केलास तर पुस्तकांतून उतरवण्यापलीकडे काही उरणार नाही. ‘तलावांचे महत्त्व’ तर मुळीच नको. महत्त्व कोण नाकारतं?

माझ्या मते एकच तलाव धर आणि एकच गोष्ट विचार: पाणी कधी सोडायचं, हे आज कोण ठरवतं? धान लोंबीवर आलं की बांध्यांना पाणी हवं असतं. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, संस्थेनं त्याच तलावात रोहू-कतल्याचं बीज सोडलेलं असतं, त्यांना पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकायला हवं. तलावाच्या पोटात ज्यांनी शेती केली आहे, त्यांना तलाव लवकर उतरलेला बरा. पूर्वी मालगुजाराचा शब्द शेवटचा होता. आता लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, पण पाळीवर उभं राहून भांडतो तो गावच. धानवाले, ढिवर आणि तलावाच्या पोटात पेरणारे, तिघांचंही म्हणणं रास्त आहे, म्हणून मला हा प्रश्न लिहिण्याजोगा वाटतो. उत्तर आधीच ठरलेलं असतं तर तुला गावात यायचीही गरज पडली नसती.

विषय पुरेसा लहान झाला का, हे मी असं पाहीन: कोणाच्या दारात जाऊन बसायचं आणि कोणता कागद मागायचा, हे तुला आज सांगता येतं का? इथे येतं. तिन्ही बाजूंची माणसं गावातच आहेत. तहसीलमध्ये जुनं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागून बघ. गावाचे वहिवाटीचे हक्क त्यांत नोंदलेले असतात, तलावाच्या पाण्याबद्दलही काही सापडू शकेल. भंडारा जिल्ह्याचं 1908चं गॅझेटियरही वाच, आधीच्या काळासाठी तेवढं पुरे.

तुला सारस पक्ष्यांवरही लिहायचं आहे, हे मला माहीत आहे. गाळ, बेशरमाची झुडपं, तेही तुझ्या यादीत असेल. ते सगळं वेगळ्या वहीत लिहून ठेव, या वीस पानांत आणू नकोस. जीवावर येईल, तरी. आणि लोकांशी बोलताना प्रश्नच चुकीचा निघाला, म्हणजे भांडण पाण्याचं नसून मासेमारीच्या ठेक्याचं आहे असं दिसलं, तर बिनधास्त विषय बदल. पहिल्या आठवड्यात बदललास तर काही बिघडत नाही.

फक्त दिवाळीची वाट पाहू नकोस. तोवर हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापून झालेलं असेल आणि पाणी वाटण्याचे दिवस सरलेले असतील. दसऱ्याला ये आणि चार दिवस जास्तीचे काढ. संस्थेच्या अध्यक्षांशी मी बोलून ठेवतो. शेतकऱ्यांकडे मात्र तू एकटीच जा, मी सोबत असलो तर ते माझ्या तोंडाकडे बघून बोलतील.

तुझे,
बाबा